कोण राहिलं मोजायचं?

हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर येऊन लागलेले असतील. ताडपत्री, भांडी, बाजरीची पोती, एखादी शेळी आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली पोरं. तिकडे सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबंही दिवाळीच्या मागे-पुढे डोंगर उतरतात. कुणी बारडोलीकडे ऊसतोडीला, कुणी सुरतेकडे बांधकामावर, कुणी वीटभट्टीवर. पाड्यावर मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर ठेवलेली शाळकरी मुलं.

संपादकांनी यंदा विषय दिला ‘प्रगती’. सोबत एक प्रश्नही पाठवला: रस्ते, पूल, गुंतवणूक यांचे आकडे रोज छापून येतात, पण माणसं बरी आहेत की नाहीत, हे कुणी मोजतं का? मोजतात. आपल्याच राज्यात, दर महिन्याला, गावोगाव मोजतात. त्यासाठी कुणा मोठ्या तज्ज्ञाला बोलवावं लागत नाही. तुटपुंज्या मानधनावर काम करणारी एक बाई ते करते. ती नेमकं काय करते, हे बघायला मी नंदुरबार गाठलं.

दंडाचा घेर

भाद्रपदातली सकाळ होती. धडगाव तालुक्यातल्या त्या पाड्यावर घरं एकाला एक लागून नाहीत. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, कुडाच्या भिंती, वर कौलं, आजूबाजूला कणसाला आलेला मका. अंगणवाडीच्या एका खोलीत भिंतीला टेकवून उंचीची पट्टी उभी केली होती, खाली सतरंजीवर लहान मुलांचा वजनकाटा. आठ-दहा आया मुलं कडेवर घेऊन दारात बसलेल्या. अंगणवाडी सेविका त्यांच्याशी पावरीत बोलत होत्या आणि मधूनच माझ्यासाठी मराठीत.

“कडं काढ आधी,” त्या एका आईला म्हणाल्या. मुलीच्या पायात चांदीची वाळी होती, हातात कडं. अंगावरचा जाड झबला, कमरेचा करगोटा, सगळं उतरवून मगच काट्यावर ठेवायचं, कारण इथे ग्रॅमचा हिशेब असतो. मुलगी थंडगार काट्याला पाठ टेकताच किंचाळली आणि काट्यावरचा आकडा नाचायला लागला. ती क्षणभर श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात ताईंनी आकडा टिपला.

लांबी मोजणं त्याहून अवघड. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजायचं. मदतनीस ताई डोकं फळीला टेकवून धरतात, सेविका एका हाताने गुडघे सरळ करतात, दुसऱ्या हाताने पायाकडची फळी सरकवतात. मूल गुडघे आखडतं. गुडघा आखडला की लांबी कमी भरते आणि त्याच वजनाचं मूल कागदावर धडधाकट दिसायला लागतं. म्हणून ताईंनी त्या मुलीला पुन्हा झोपवलं, पुन्हा मोजलं. दारातल्या बायका खोळंबल्या होत्या, घरी निंदणी पडली होती. तरी दुसऱ्यांदा मोजलं.

मग दंडघेराची पट्टी. डाव्या हाताचा खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध ती गुंडाळतात. पट्टीवर तीन रंग असतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यावर हिरवा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना हीच पट्टी लागू. चौदा महिन्यांच्या त्या मुलीचा दंड पिवळ्यात होता, लालपासून दोन रेघा अलीकडे. पट्टी जरा ओढून धरली तर लाल, सैल सोडली तर आणखी वर. ताईंनी ती कातडीला नुसती टेकवली आणि आकडा मोठ्याने वाचला. आईला कळावा म्हणून पावरीतही सांगितला.

हे सगळं मोबाइलवर भरायचं असतं. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे अॅप आलं. वय, वजन, उंची टाकली की ते मूल कोणत्या गटात जातं ते दाखवतं. पाड्यावर नेटवर्क नाही. दुपारी आहार वाटून झाला की ताई मागच्या टेकाडावर चढतात, तिथे एका झाडाखाली दोन काड्या दिसतात, तिथून माहिती वर जाते. अॅप आलं तरी त्यांनी जुनी वही ठेवली आहे. मी ती चाळायला मागितली.

एकेका मुलाची एकेक ओळ, महिन्यांचे रकाने. जून, जुलै, ऑगस्ट भरलेले. मागच्या वर्षाचं पान उलटलं आणि नोव्हेंबरपासून रकाने रिकामे व्हायला लागले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. कुठे ‘बाहेरगावी’ असा शब्द, कुठे नुसती आडवी रेघ. मार्चमध्ये आकडे परत सुरू, कारण सातपुड्यातला माणूस कुठेही असो, होळीला घरी येतोच.

“जाताना मूल हिरव्यात असतं, येताना पिवळ्यात येतं, कधी लाल,” ताई म्हणाल्या. “मधल्या महिन्यांत काय खाल्लं, किती आजारी पडलं, ते माझ्या वहीत नाही. आणि तिकडच्या कुणाच्या वहीत असेल असं मला वाटत नाही.”

राज्याने स्थलांतरित मुला-मातांचा माग ठेवण्यासाठी वेगळी संगणकीय व्यवस्था सुरू केली आहे. चांगली गोष्ट आहे. पण राज्याची हद्द ओलांडून उसाच्या फडात गेलेल्या मुलाला काट्यावर ठेवायला शेवटी कुणीतरी माणूसच लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची ५७ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची भरली. राज्याचा आकडा ३६.१. त्याच्या आधीच्या, २०१५-१६च्या फेरीत राज्याचा आकडा होता ३६.०. वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुलं ३४.४ टक्क्यांवरून ३५.२ झाली. या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात राज्याचं उत्पन्न वाढलं, मुंबई-पुण्याचं रूप पालटलं. मुलांचे दंड होते तिथेच राहिले.

दादाभाईंनी तुरुंगातलं जेवण मोजलं

उत्पन्न आणि माणसाचं बरं असणं यांची गल्लत करू नये, हे आपल्याकडे फार जुनं शहाणपण आहे. १८७६ साली दादाभाई नौरोजींनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे ‘हिंदुस्थानचं दारिद्र्य’ या विषयावर निबंध वाचला. सरकारचं म्हणणं असं की देशाची भरभराट होते आहे. दादाभाईंनी सरकारचेच कागद काढले. प्रांताप्रांतातली पिकं, त्यांचे भाव, मीठ, खाणी, सगळं धरून त्यांनी माणशी वार्षिक उत्पन्न काढलं. ते आलं वीस रुपयांच्या आसपास.

वीस रुपये पुरेसे की अपुरे, हे ठरवायचं कशावरून? इथे दादाभाईंनी जे केलं ते मला अर्थशास्त्रातल्या सगळ्यात माणुसकीच्या कामांपैकी एक वाटतं. त्यांनी माणसाला जगण्यापुरतं काय लागतं याची यादी केली: तांदूळ किंवा पीठ, डाळ, भाजी, तूप, तेल, मीठ. सरकार आपल्या तुरुंगातल्या कैद्याला काय खायला-ल्यायला देतं आणि त्यावर किती खर्च करतं, तेही मांडलं. आणि दाखवून दिलं की मोकळा रयत कैद्याइतकंही खात नाही. सरकारी सरासऱ्या कशा फसव्या आहेत, तेही त्यांनी सोडवून सांगितलं: जिथे पीक थोडं तिथला चढा भाव आणि जिथे भरपूर तिथला पडता भाव एकाच मापाने धरला की हिशेबच बिघडतो.

हाच धागा पुढे पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी धरला. १९७१ मध्ये त्यांनी दारिद्र्यरेषा ठरवली ती माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतात की नाही यावर. रुपये किती, हा नंतरचा प्रश्न. आधी ताटात काय पडतं ते बघा. पुढच्या दशकांत जगभर यावर पुष्कळ विचार झाला. १९९०मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या साथीने मानवी विकास निर्देशांक आला. तो आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची एकत्र मोट बांधतो. महाराष्ट्राचा २०१२चा मानवी विकास अहवाल त्याच मापाने काढला आहे: मुंबई ०.८४१, नंदुरबार ०.६०४. एकाच राज्यात दोन वेगळे देश नांदत असावेत, इतकं हे अंतर आहे.

उसाचा उतारा

गाळप हंगाम सुरू झाला की रोज बातमी असते: किती टन गाळप झालं, साखरेचा उतारा किती, शेतकऱ्याला द्यायची उसाची किंमत, म्हणजे एफआरपी, किती थकली. ऊस शेतातून निघाल्यापासून पोत्यात भरेपर्यंत त्याचं जितकं मोजमाप होतं तितकं या राज्यात क्वचितच कशाचं होत असेल.

तो तोडणारी माणसं मात्र जोडीने मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. एक माणूस आजारी पडला तर कोयता मोडतो आणि खाडा धरला जातो, तो उचलीतून वळता होतो. बीडच्या एका तांड्यावर बायकांशी बोलत बसले होते. पहाटे चारला उठून भाकऱ्या, मग फड, डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणं, गाडी रात्री उशिरा आली तर तेव्हाही भरणं, कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतून पुन्हा चूल. फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळीच्या दिवसांत काय हाल होतात, हे त्या मोकळेपणाने सांगत होत्या. सांगून सांगून त्यांची लाज संपली असावी.

२०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा जणींत एक. त्यात तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या.

आता राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब कसा चालतो ते पाहा. ज्या वस्तूचे किंवा सेवेचे पैसे मोजले गेले ते उत्पन्नात धरायचं. ऊस धरला, साखर धरली, वाहतूक धरली. शस्त्रक्रियेचं बिलही धरलं. ते खासगी दवाखान्याने दिलेल्या सेवेचं मोल आहे. ते भरायला काढलेलं कर्ज, त्यापायी पुढच्या वर्षाची वाढलेली उचल, आयुष्यभराची कंबरदुखी यांना त्या हिशेबात जागा नाही. पहाटे चारच्या भाकऱ्यांनाही नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला मोठा हिशेब मांडला, तेव्हाच बजावलं होतं की या आकड्यावरून जनतेच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही. आकडा जगाने उचलला, इशारा बाजूला राहिला.

या बायकांकडे कुणाचं लक्ष नव्हतं असं नाही. वर्षानुवर्षं बीडमधल्या कार्यकर्त्या हे सांगत होत्या. पण घरोघर जाऊन मोजेपर्यंत ते ‘सांगोवांगी’ होतं. मोजल्यावर नाकारता येईना. पुढे शस्त्रक्रियेआधी सरकारी डॉक्टरांची परवानगी घेण्याचे नियम आले, ऊसतोड कामगारांच्या आरोग्य तपासण्या सुरू झाल्या.

साठ श्वास

मोजण्याने जीव वाचतात, याचा सर्वात भक्कम पुरावा गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातली बाळं किती दगावतात, हा त्यांच्या पहिल्या प्रश्नांपैकी एक. सरकारी नोंदीत फारच थोडे मृत्यू दिसत. जन्मल्याबरोबर गेलेलं बाळ घरच्यांनी पुरून टाकलं की त्याचा जन्मही नोंदला जात नसे आणि मृत्यूही. जे जन्मलंच नाही ते मेलं कसं म्हणायचं?

बाळांच्या जाण्याचं एक मोठं कारण न्यूमोनिया होतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका. त्याहून मोठ्या बाळाला पन्नास. पण गावातली सुईण साठपर्यंत मोजणार कशी? तिला आकडे येत नव्हते. मग तिच्यासाठी एक साधं उपकरण तयार केलं. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यासाठी, एक मोठ्या बाळासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा लाल मणी सरकवावा लागला तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचं. दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

पुढे गावातल्याच आरोग्यदूत बायकांनी ३९ गावांत घरोघर जाऊन नवजात बाळांना तपासलं, वजन केलं, ऊब दिली, औषध दिलं, आणि प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू लिहून ठेवला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: शेजारच्या, हे काम न झालेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली. मधल्या काळात, २००१ मध्ये, राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांच्या सोबतीने ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा किती तरी अधिक आहेत, हे त्यात गावोगावच्या नोंदी ठेवून दाखवलं होतं. मग सरकारलाच बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली, डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली.

रानडुक्कर आणि झोप

माणसांना थेट विचारून देशाची प्रगती मोजण्याचं नाव काढलं की भूतानचं नाव निघतंच. १९७०च्या दशकात राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी सकल राष्ट्रीय आनंदाची कल्पना मांडली, २००८च्या राज्यघटनेत ती आली. हा आनंद मोजायची तिथली प्रश्नावली मी वाचली आणि तिचा साधेपणा मला फार भावला. नऊ क्षेत्रं, ३३ निकष. रात्री किती तास झोप मिळते? आजारी पडलात तर कुणाचा आधार आहे? गेल्या काही दिवसांत किती वेळा राग आला? जंगली जनावरांनी पिकाचं नुकसान केलं का? कोकणातल्या वानरांनी आणि विदर्भातल्या रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याला हा प्रश्न कुणी सरकारी पाहणीत विचारला, तर तो खुर्ची पुढे ओढून बसेल.

शिवाय ते सरासरी काढत नाहीत. प्रत्येक निकषात ‘पुरेसं’ म्हणजे किती, हे ठरवलं आहे. दोन-तृतीयांश बाबतीत जो पुरेशापर्यंत पोचला तो सुखी. जो पोचला नाही त्याला काय कमी पडतं, ते वेगळं कळतं. २०१०मध्ये त्यांचा निर्देशांक ०.७४३ होता, २०२२मध्ये ०.७८१.

पण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजातल्या सुमारे एक लाख लोकांना भूतान सोडावं लागलं. ते नेपाळमधल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले, पुढे बहुतेक जण अमेरिका आणि इतर देशांत गेले. त्यांचा राग, त्यांची झोप कुठल्याही प्रश्नावलीत नाही. आज तरुण भूतानी मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला जात आहेत. मोजणी देशात राहिलेल्यांची होते. धडगावच्या वहीतले डिसेंबरचे रकाने आणि हे, यांत मला फरक दिसत नाही.

आकड्याची भीती

तरीही महाराष्ट्राने एकदा मुलं मोजण्याचं काम नीट करून दाखवलं आहे, आणि ते विसरता कामा नये. शतकाच्या सुरुवातीला मराठवाड्यात कुपोषणाने मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या. त्यातून सुरू झालेल्या कामाला २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचं रूप आलं. सनदी अधिकारी व्ही. रमणी त्याचे पहिले प्रमुख. सगळ्यात आधी सगळी मुलं खरोखर काट्यावर ठेवायची, असा आग्रह धरला गेला. जास्त आकडा आला म्हणून कुणाला शिक्षा होणार नाही, असा विश्वास खालच्या कर्मचाऱ्यांना दिला गेला. आकडे आधी वाढले, कारण लपलेली मुलं वहीत आली. मग हळूहळू खरी सुधारणा झाली. दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपणाचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२च्या पाहणीत २४ टक्क्यांच्या आसपास आलं. इतक्या थोड्या वर्षांत अशी घट फार कमी ठिकाणी झाली आहे.

धडगावच्या ताईंना मी विचारलं, लाल गटातली मुलं लिहिताना भीती वाटते का? त्या लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बैठकीत नाव पुकारतात. तुझ्याकडेच एवढी का, म्हणतात. मी खरं लिहिते. पण नव्या लागलेल्या पोरी घाबरतात, ताई. त्यांचं काय चुकतं?”

त्यांचं काहीच चुकत नाही. वजन घटलं ते मुलाचं. ते घटलं रोजगार नसल्यामुळे, आईच्या रक्तक्षयामुळे, चार महिने कोपीत काढल्यामुळे. त्याचा जाब वजन लिहिणाऱ्या बाईला विचारला की पुढच्या महिन्यात मूल नाही तर आकडा सुधारतो. माझ्या मते आज राज्यातल्या मोजमापाचा सगळ्यात मोठा दोष हा आहे. नवं अॅप आणून तो जाणार नाही.

ग्रामसभा २६ जानेवारीला भरेल. तेव्हा निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असेल, म्हणूनच जे गावात असाल ते जा. गावातली किती मुलं लाल पट्टीत आहेत, किती बाहेरगावी आहेत, बाहेर गेलेल्यांचं वजन शेवटचं कधी झालं, हे मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. शहरात राहत असाल तर तुमच्या वॉर्डातही अंगणवाडी आहे आणि जवळच्या बांधकामावर नंदुरबारची मुलं आहेत; ती कुणाच्या वहीत आहेत ते विचारा. आणि आकडा मोठा निघाला तर तो लिहिणाऱ्या ताईंच्या पाठीशी उभे राहा.